चौकशी कुणी कुणाची करायची?

गेल्या वर्षी एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. काम कुपोषणावरचं, आदिवासी पाड्यांतलं, माझ्या आवडीचं. टेबलापलीकडे तिघं बसलेली, दोन पुरुष आणि एक बाई. पाऊण तास त्यांनी मला प्रश्न विचारले. लग्न झालंय का? मुलगी केवढी आहे? ती आजारी पडली तर कोण बघतं? बदलापूरहून रोज यायला जमेल का? आधीची नोकरी का सोडली? तिथं पगार किती होता? मी सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटी रीतीप्रमाणे विचारलं गेलं, "तुम्हाला काही विचारायचंय का?"

मी वहीत चार प्रश्न लिहून नेले होते. पगार कितव्या तारखेला होतो? प्रॉव्हिडंट फंड भरला जातो का? हा प्रकल्प किती महिन्यांचा आणि त्याचा पैसा कुठून येतो? लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती केव्हा नेमली आणि तिच्यावर बाहेरची सदस्य कोण आहे?

पहिल्या तीन प्रश्नांना तुटक का होईना, उत्तरं मिळाली. चौथ्याला ती बाई समोरच्या कागदांत बघायला लागली. मुख्य गृहस्थ हसून म्हणाले, "आमच्याकडे तसं वातावरणच नाही हो." आणि मी वही मिटत असताना आणखी एक वाक्य आलं, "नोकरी तुम्ही मागताय की आम्ही?"

मैत्रिणींनो, या वाक्यावर मी परतीच्या गाडीत ठाण्यापासून बदलापूरपर्यंत विचार करत होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. मागणाऱ्यानं देणाऱ्याची चौकशी करायची नसते, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की तसं करणारी बाई उद्धट तरी वाटते किंवा भांडकुदळ तरी.

हे प्रश्न मी कुठल्या पुस्तकातून घेतलेले नाहीत. ते मला महाग पडून मिळालेत. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी एका संस्थेत सहा वर्षं काम केलं. संस्थेचं नाव चांगलं होतं, काम बायकांच्या हक्कांचं होतं. नेमणुकीचं पत्र मागावं असं मला सुचलंसुद्धा नाही. चळवळीतल्या माणसांकडे कागद मागायचा म्हणजे अविश्वास दाखवायचा, असं वाटायचं. पहिल्या महिन्यातच कळलं की सही एका रकमेवर करायची आणि त्यातला काही भाग संस्थेला 'देणगी' म्हणून परत द्यायचा. सगळेच देत होते. फंडाचं विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, "आपण कार्यकर्त्या आहोत गं, नोकरदार नाही." दुपारी आम्ही वस्तीतल्या घरकामगारणींना सांगायचो की पगाराची नोंद ठेवा, हक्काची सुट्टी मागा. संध्याकाळी आमच्याच पगाराच्या खोट्या पावतीवर सही करायचो. प्रकल्प संपला, दुसऱ्याचा पैसा आला नाही, आणि एका फोनवर आम्ही पाचजणी घरी बसलो. हातात अनुभवाचा दाखलासुद्धा नव्हता.

ती संस्था वाईट माणसांची होती असं मी आजही म्हणणार नाही. पण आत शिरण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या एका बाईला जरी मी भेटले असते, तरी मला हे सगळं आधी कळलं असतं. मी भेटले नाही, कारण तसं भेटायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वस्तीची पाहणी कशी करायची हे शिकले, पण जिथं नोकरी करायची त्या जागेची पाहणी मात्र कुणी शिकवली नाही.

आमच्या हेंद्रेपाड्यातून सकाळी बाहेर पडणाऱ्या बायका बघा. कुणी अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगला, कुणी उल्हासनगरला शिलाईच्या कारखान्यात, कुणी कल्याण-ठाण्याच्या दुकानात, दवाखान्यात आया म्हणून, आणि शिकलेल्या मुंबईच्या ऑफिसांत. यांतल्या बहुतेकींना मालकाबद्दल ठाऊक असतं ते इतकंच: तो कुठं बसतो आणि किती देतो म्हणाला. आमच्या शेजारची बारावी झालेली मुलगी गाडीच्या डब्यात चिकटवलेली जाहिरात वाचून कल्याणला गेली. युनिफॉर्म आणि नोंदणीचे म्हणून अडीच हजार भरून आली. आईनं ते बचत गटातून उचलले होते. दोन दिवसांनी गेली तर ऑफिसला कुलूप. नोकरी देणारा आपल्याकडे पैसे मागत नसतो, एवढं एक वाक्य तिला आधी कुणी सांगायला हवं होतं.

एमआयडीसीत जाणाऱ्या बाईला तर आपला मालक कोण हेच माहीत नसतं. कारखाना एकाचा, ठेकेदार दुसरा, हजेरी घेणारा तिसरा. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि दहाहून जास्त माणसं गेली. आपण रोज ज्या फाटकातून आत जातो तिथं काय बनतं, काय साठवलेलं असतं, बाहेर पडायची दुसरी वाट कुठं आहे, हे विचारणं म्हणजे जीव वाचवण्याचा प्रश्न आहे. तरीही तो विचारणारी 'जास्त शहाणी' ठरते.

मग चौकशी होतच नाही का? होते, पण एकाच दिशेनं. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाले. गुन्हा नोंदवायलाच पालकांना झगडावं लागलं. २० ऑगस्टला संतापलेले लोक रुळांवर उतरले, गाड्या तासन् तास बंद राहिल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला: शाळांमध्ये सीसीटीव्ही बसवा, तक्रारपेटी ठेवा, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. हे व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण नीट बघा. पडताळणी झाडणाऱ्याची, आयाची, व्हॅन चालवणाऱ्याची. संस्थेची पडताळणी आईबापांनी किंवा तिथं नोकरीला जाणाऱ्या शिक्षिकेनं कशी करायची? तक्रार आली तर हे व्यवस्थापन ती पुढं नेतं की दाबतं, हे आधी कसं समजणार? प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी, असा निर्णय २०२२ सालीच निघालेला होता. ती खरोखर आहे का, हे पाहायला फाटकाच्या आत कुणाला जाता येत होतं?

योगायोग असा की त्याच्या आदल्याच दिवशी, १९ ऑगस्ट २०२४ रोजी, केरळमध्ये हेमा समितीचा अहवाल बाहेर आला. मल्याळी चित्रपटसृष्टीतल्या बायकांनी २०१७ मध्ये एकत्र येऊन संघटना केली, तिच्या मागणीवरून समिती नेमली गेली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल सरकारच्या हातात पडला. तो साडेचार वर्षांहून जास्त काळ बंद राहिला. त्या काळात कितीतरी नव्या मुली त्या धंद्यात पाऊल टाकत राहिल्या असतील. काय वाढून ठेवलंय ते सरकारला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त त्यांना.

माहिती नसणं हे आपलं अज्ञान आहे असं आपल्याला वाटतं. पण ती माहिती आपल्यापर्यंत येऊ न देणं ही कुणाची तरी सोय असते. म्हणून मालकाची चौकशी करणं हा मला हक्काचा प्रश्न वाटतो.

आता यातलं किती मिळवता येतं ते सांगते. बरंच येतं. आपल्या चळवळीनं जे कायदे मिळवले, त्यांत चौकशीची साधनंही दडलेली आहेत. राजस्थानात १९९२ मध्ये बालविवाह रोखायला गेलेल्या भंवरीदेवीवर सामूहिक बलात्कार झाला. ती सरकारच्या कार्यक्रमात काम करणारी साथिन होती, म्हणजे माझ्या-तुमच्यासारखीच वस्तीत फिरणारी. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरची हवी. समिती नेमल्याचा आदेश ठळक जागी लावलाच पाहिजे. म्हणजे मुलाखतीला गेल्यावर तो कागद भिंतीवर आहे का, एवढं बघायला कुणाची परवानगी लागत नाही. समिती न नेमल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा प्रशासनांना सांगितलं की सरकारी आणि खाजगी ठिकाणी या समित्या आहेत का याची पाहणी करा. आपल्या जिल्ह्यातल्या पाहणीत काय निघालं, हे माहितीच्या अधिकारात आपल्यापैकी कुणीही मागू शकते.

वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी प्रॉव्हिडंट फंड भरावा लागतो. मालक तो भरतो का, हे घरबसल्या पाहता येतं. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव घातलं की कोणत्या महिन्यात किती जणांचे पैसे भरले ते दिसतं. "आमच्याकडे साठजण आहेत" म्हणणाऱ्यानं बाराच जणांचे भरलेले असतील, तर तुम्ही त्या बारांत असाल की अठ्ठेचाळिसांत, हे विचारायला हवं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थांना दरवर्षी हिशेब द्यावे लागतात. त्यांची नक्कल अर्ज करून मागता येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांबद्दल कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते खोडून टाकण्यासारखे नाहीत. पण त्यांत नेमणुकीचं पत्र देणं बंधनकारक आहे, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे. मग हे दोन प्रश्न विचारताना संकोच कशाला? बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. "तुम्ही अकरा महिन्यांच्या करारावर आहात" हे सांगून ती नाकारता येत नाही. कराराची मुदत मध्येच संपली तरी लाभ मिळाला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टर बाईच्या बाबतीत सांगितलं आहे.

आणि कागदावर न सापडणारी माहिती? ती बायकांकडे असते. नोकरी सोडून गेलेल्या बाईकडे सगळ्यात जास्त. शक्य असेल तर सुटायच्या वेळेला फाटकासमोरच्या चहावाल्याकडे अर्धा तास उभं राहा. बायका किती वाजता बाहेर पडतात, एकेकट्या की घोळक्यानं, तेवढ्यावरून पुष्कळ कळतं. बायकांसाठीचा संडास कुठं आहे आणि त्याला आतून कडी आहे का, ते बघा. आम्हा बदलापूरकरणींचा आणखी एक प्रश्न असतो: पावसात गाड्या बंद पडल्या तर खाडा धरता का? जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारांवर प्रवासी सोडवावे लागले. तसल्या दिवशीही "का आला नाहीत" म्हणून पगार कापणारे मालक आहेत.

यावर माझी एक जुनी मैत्रीण, वीस वर्षं कामगार बायकांत काढलेली, म्हणाली, "हे तुझं शिकलेल्यांचं दुखणं आहे. जिला उद्या चूल पेटवायचीय ती काय चौकशी करणार? मिळेल तिथं जाणार." तिचं म्हणणं खरं आहे. जिच्यापुढे एकच दार उघडं आहे तिनं दार निवडून घ्यावं, असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पण माहिती असणं फक्त निवडण्यापुरतं उपयोगी नसतं. त्याच दारातून जायचं असलं, तरी आत काय आहे हे ठाऊक असलेली बाई पहिल्या दिवसापासून हजेरीची नोंद स्वतःच्या वहीत ठेवते. हातात पत्र पडेपर्यंत जुनं काम सोडत नाही. कोऱ्या कागदावर सही करत नाही. आणि सहा महिन्यांनी पुढच्या बाईला सांगते.

खरं तर ज्यांना आपण चूल पेटवणाऱ्या म्हणतो त्या हे आपल्याआधीपासून करत आल्यात. कोणत्या बिल्डिंगमधल्या कोणत्या घरात साहेब एकटा असताना जायचं नाही, कोण खाडे जास्त धरतं, कोण दिवाळीला बोनस बुडवतं, हे घरकामगारणी एकमेकींना जिन्यात सांगतात. लोकलच्या बायकांच्या डब्यात तर याची रोज शाळा भरते. पण ही माहिती डब्यातच राहते. ज्या मुलीला तो डबा ठाऊक नाही, जिची कुणाशी ओळख नाही, जी गावाहून नुकतीच आली आहे, तिला ती मिळत नाही. सगळ्यात जास्त धोका तिलाच असतो.

सरकार याबाबतीत थोडं पुढं सरकलंय, पण वरच्या मजल्यावर. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या ते वार्षिक अहवालात सांगावं लागतं. चांगलंच आहे. पण आमच्या हेंद्रेपाड्यातली पॅकिंगवाली त्या हजारांतल्या कुणाच्या हजेरीपटावर थेट लागते? दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानातली आणि घरकाम करणारी बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. ती समिती कुठं बसते हे तुमच्या गटातल्या किती जणींना सांगता येईल? मलाही शोधावं लागलं होतं.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक गटानं एक वही सुरू करावी. आपल्या भागातले कारखाने, दुकानं, दवाखाने, शाळा, संस्था, ठेकेदार यांच्यासाठी एकेक पान. त्यात अफवा नको. "तो माणूस बरा नाही" असं मोघम नको. तशानं निरपराध माणूसही बदनाम होतो आणि लिहिणारी कोर्टात अडकते. जे पाहिलं, जे कागदावर आहे, तेवढंच: पत्र मिळालं का, पगार कोणत्या तारखेला झाला, फंड भरला का, समितीचा आदेश भिंतीवर होता का, बायकांना किती वाजता सोडलं, बाळंतपणानंतर किती जणी परत कामावर आल्या. लिहिणारीचं नाव गटापाशीच राहावं. आणखी एक काळजी घ्यायची. आपल्याकडे 'चौकशी' म्हटलं की आडनाव आणि गाव विचारून जात काढायची सवय आहे. मालक आपली तशीच चौकशी करतो. आपल्या वहीत ते शिरता कामा नये.

आणि या वहीचं पहिलं पान आपल्या स्वतःच्या संस्थेचं असावं. हे वाक्य काहीजणींना लागेल, पण ते टाळून पुढं जाता येणार नाही. २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दात विनामोबदला, स्वेच्छेनं काम करणारीही येते. म्हणजे 'मानद', 'स्वयंसेविका', 'कार्यकर्ती' अशी कुठलीही पाटी लावली तरी आपली जबाबदारी सुटत नाही. पैशाची ओढाताण मला समजते. २०२० च्या दुरुस्तीनं परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, आणि अनेक संस्थांचं कंबरडं मोडलं. जून २०२४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणीसुद्धा निधीच्या कारणानं शंभरावर कंत्राटी शिक्षक-कर्मचाऱ्यांना मुदतवाढ नाकारणारी पत्रं गेली. ती काही दिवसांत मागे घेतली गेली, पण जिथं समाजकार्य शिकवतात तिथली ही स्थिती. पैसा नसणं हा दोष नाही. पण "या प्रकल्पाला मार्चपर्यंतच पैसे आहेत" हे नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगायला पैसे लागत नाहीत. खोट्या पावतीवर सही न घ्यायलाही लागत नाहीत.

त्या मुलाखतीचं काय झालं? त्यांचं बोलावणं आलं नाही. सात महिन्यांनी मला दुसरीकडे काम मिळालं. करार अकरा महिन्यांचाच आहे, पगार आधीच्यापेक्षा थोडा कमी आहे. पण हे मला आत शिरण्याआधी ठाऊक होतं, तिथं पूर्वी काम केलेल्या दोघींना भेटून मी ते ठरवलं, आणि नेमणुकीचं पत्र फाइलमध्ये आहे. समितीचा आदेश भिंतीवर नव्हता. मी विचारलं तेव्हा कपाटातून निघाला. आता तो पाण्याच्या माठाच्या वर लावलाय.

शेजारची ती मुलगी परवा पुन्हा एक जाहिरात घेऊन आली. या वेळी गाडीत बसण्याआधी आली. आम्ही दोघींनी मिळून फोन लावला आणि पहिला प्रश्न तिनंच विचारला. तुमच्या गटात अशी वही कुणी ठेवत असेल, किंवा ठेवायला जाऊन काही अडचण आली असेल, तर जरूर लिहा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.